पासवर्ड बरोबर, तरी मेल अडकतो: घरच्या लिनक्सवरचं एसएमटीपी लॉगिन पुन्हापुन्हा का तुटतं

खारघरच्या एखाद्या सोसायटीत सेक्रेटरींच्या घरी जुना डेस्कटॉप असतो, त्यावर डेबियन किंवा उबुंटू. महिन्याच्या एक तारखेला मेंटेनन्सच्या बिलांच्या पीडीएफ सभासदांना मेलने जातात, रात्री बॅकअप झाला की त्याचा रिपोर्ट जातो. हे मेल एसएमटीपी या मेल पाठवण्याच्या पद्धतीने सर्व्हरकडे जातात. काही आठवडे सगळं सुरळीत चालतं आणि मग लॉगमध्ये लॉगिन फेल झाल्याची ओळ दिसते. नवा पासवर्ड तयार करून घातला की मेल सुटतात. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच.

या चक्रात बहुतेक वेळा दोष पासवर्डचा नसतोच. नवा पासवर्ड टाकताना माणूस कॉम्प्युटरसमोर बसलेला असतो, त्याने लॉगिन केलेलं असतं, की-रिंग (पासवर्ड साठवणारी तिजोरी) उघडलेली असते आणि शेवटी तो मेलची सर्व्हिस रीस्टार्ट करतो. मेल सुरू होतात ते या बाकीच्या गोष्टींमुळे, श्रेय मात्र नव्या पासवर्डला मिळतं. म्हणून पुढच्या वेळी मेल अडकला की लगेच पासवर्ड बदलू नका आणि सर्व्हिसही रीस्टार्ट करू नका. आधी दोन गोष्टी शोधा: सर्व्हरशी चाललेलं संभाषण नेमकं कुठल्या पायरीवर तुटलं, आणि हा दोष कोणत्या वेळी किंवा कशानंतर उगवतो.

खाली कमांड आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये अक्षरं आणि आकडे दोन्ही रोमनमध्येच टाइप करायचे.

संभाषण कुठे तुटलं?

मेल पाठवायला पोस्टफिक्स हा प्रोग्रॅम असेल तर /व्हार/लॉग/मेल.लॉग उघडा. डेबियन १२ पासून आरसिसलॉग (लॉगच्या फाइली लिहिणारा प्रोग्रॅम) मुळात बसवलेला नसतो, त्यामुळे ही फाइल नसेल तर ‘जर्नलसीटीएल -यू 'पोस्टफिक्स*' --सिन्स टुडे’ चालवा. त्याऐवजी एमएसएमटीपी हा छोटा प्रोग्रॅम असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘लॉगफाइल’ ही ओळ घातलेली असायला हवी. नसेल तर आधी ती घाला, नाहीतर रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) काय झालं ते कधीच कळणार नाही.

लॉगमध्ये ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ दिसलं तर ऑथेंटिकेशनपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. पोर्ट तपासा. पोर्ट २५ हा एका मेल सर्व्हरने दुसऱ्याला मेल देण्यासाठी आहे आणि घरगुती ब्रॉडबँडवर तो बाहेर जाताना अनेकदा बंद ठेवलेला असतो. घरून पाठवायला ५८७ किंवा ४६५ वापरायचा. ५८७ वर आधी साधं कनेक्शन होतं आणि ‘स्टार्टटीएलएस’ म्हटल्यावर ते एन्क्रिप्ट होतं. ४६५ वर पहिल्या बाइटपासून टीएलएस, म्हणजे एन्क्रिप्शन, असतं. पोर्ट ५८७ चा ४६५ केला आणि ही पद्धत बदलली नाही की दोन्ही बाजू एकमेकांची वाट पाहत बसतात आणि शेवटी टाइमआउट येतो, म्हणून पोर्टच बंद आहे असा समज होतो. एमएसएमटीपीत ४६५ साठी ‘टीएलएस_स्टार्टटीएलएस ऑफ’ लागतं. पोस्टफिक्समध्ये ‘एसएमटीपी_टीएलएस_रॅपरमोड = येस’ लागतं, आणि ती सोय आवृत्ती ३.० पासून आहे.

सर्व्हरच्या उत्तरातला ‘५३०’ हा आकडा म्हणजे तुमच्या बाजूने लॉगिनचा प्रयत्नच झाला नाही, किंवा टीएलएसच्या आधी झाला. ‘नो मेकॅनिझम अव्हेलेबल’ म्हणजे पासवर्ड तुमच्या कॉम्प्युटरबाहेर गेलेलाच नाही. हा शंभर टक्के स्थानिक दोष आहे. ‘५३४ ५.७.९’ म्हणजे जीमेल सांगतंय की खात्याचा नेहमीचा पासवर्ड चालणार नाही, अ‍ॅप पासवर्ड (त्याच प्रोग्रॅमसाठी काढलेला वेगळा पासवर्ड) हवा. ‘४५४ ४.७.०’ म्हणजे फार वेळा लॉगिनचा प्रयत्न झाला, आता थांबा. ५५० किंवा ५५३ असेल तर लॉगिन बहुधा झालेलं आहे आणि आक्षेप पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर, मर्यादेवर किंवा डोमेनवर आहे. फक्त ‘५३५’ चा अर्थ असा की सर्व्हरला नाव आणि पासवर्ड मिळाले आणि त्याने ते नाकारले. तिथेही नाकारलेला पासवर्ड तुमच्या मनातलाच होता का, हे तपासायचं बाकी राहतं.

त्यासाठी पोस्टफिक्स किंवा एमएसएमटीपीला बाजूला ठेवून हाताने लॉगिन करून पाहा. ‘स्वॅक्स’ हे पॅकेज यासाठी उत्तम आहे: ‘स्वॅक्स --टू तुमचाच पत्ता --सर्व्हर एसएमटीपी.जीमेल.कॉम --पोर्ट ५८७ --टीएलएस --ऑथ प्लेन --ऑथ-यूजर पूर्ण पत्ता’. पासवर्ड ते स्वतः विचारतं, कमांडमध्ये लिहायची गरज नाही. यातून मेल गेला तर खातं, पासवर्ड, पोर्ट आणि इंटरनेट सगळं ठीक आहे आणि दोष तुमच्या सेटिंगमध्ये आहे. नाही गेला तर सेटिंगच्या फाइली उकरण्यात अर्थ नाही.

स्वॅक्स नसेल तर ‘ओपनएसएसएल एस_क्लायंट -स्टार्टटीएलएस एसएमटीपी -सीआरएलएफ -क्वाएट -कनेक्ट’ आणि पुढे सर्व्हर व पोर्ट. ‘क्वाएट’ विसरू नका. त्याशिवाय ओळीच्या सुरुवातीचं कॅपिटल ‘आर’ हे ओपनएसएसएल स्वतःसाठीची आज्ञा समजतं, त्यामुळे ‘आरसीपीटी टू’ टाइप केलं की कनेक्शन बिघडतं आणि दोष सर्व्हरचा वाटतो. लॉगिनची बेस६४ (साध्या अक्षरांत रूपांतर केलेली) ओळ बनवताना ‘एको’ वापरू नका, ते शेवटी नवी ओळ जोडतं आणि बरोबर पासवर्डलाही ५३५ येतं. ‘प्रिंटएफ '\०००नाव\०००पासवर्ड' | बेस६४ -डब्ल्यू०’ असं लिहा. इथे तीन शून्यं मुद्दाम आहेत: एकच शून्य लिहिलं आणि पत्ता आकड्याने सुरू होत असेल, तर तो आकडा शून्याला चिकटून वेगळंच अक्षर तयार होतं. कमांडच्या आधी एक स्पेस सोडा, म्हणजे उबुंटू-डेबियनच्या नेहमीच्या बॅश सेटिंगमध्ये ती हिस्टरीत राहत नाही.

पोस्टफिक्स: चौकटी कंस आणि जुनी डेटाबेस फाइल

हाताने मेल जातो आणि पोस्टफिक्समधून जात नाही, तेव्हा मेन.सीएफ मध्ये या पाच ओळी पाहा:

रिलेहोस्ट = [एसएमटीपी.जीमेल.कॉम]:५८७
एसएमटीपी_सॅसल_ऑथ_एनेबल = येस
एसएमटीपी_सॅसल_पासवर्ड_मॅप्स = हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/सॅसल_पासडब्ल्यूडी
एसएमटीपी_सॅसल_सिक्युरिटी_ऑप्शन्स = नोअनॉनिमस
एसएमटीपी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल = एन्क्रिप्ट

‘एसएमटीपी’ने सुरू होणारी सेटिंग बाहेर पाठवण्यासाठी, ‘एसएमटीपीडी’ने सुरू होणारी आत येणाऱ्या कनेक्शनसाठी. ‘एसएमटीपीडी_सॅसल_ऑथ_एनेबल’ लावून बाहेरचं लॉगिन सुरू होत नाही, आणि पोस्टफिक्स त्याबद्दल तक्रारही करत नाही.

चौथी ओळ अनेक जण गाळतात. ती नसेल तर पोस्टफिक्सचं मूळ धोरण ‘नोप्लेनटेक्स्ट, नोअनॉनिमस’ असं असतं, म्हणजे ‘प्लेन’ आणि ‘लॉगिन’ या पासवर्ड पाठवण्याच्या दोन्ही पद्धती नाकारल्या जातात. नेहमीच्या पासवर्डसाठी सर्व्हर मुख्यतः त्याच देत असतो, म्हणून ‘नो मेकॅनिझम अव्हेलेबल’. हाच संदेश सॅसल या लॉगिनच्या यंत्रणेचं मॉड्यूल नसेल तरी येतो: डेबियन-उबुंटूवर ‘लिबसॅसल२-मॉड्यूल्स’, फेडोरावर ‘सायरस-सॅसल-प्लेन’. एकच संदेश, दोन कारणं. दोन्ही तपासा.

आता चौकटी कंस. कंस असले की पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरने घ्यायचा ही नोंद) शोधत नाही, थेट त्याच सर्व्हरकडे जातं. पण त्याहून महत्त्वाचं हे की रिलेहोस्टमध्ये जसं लिहिलंय, सॅसल_पासडब्ल्यूडी फाइलच्या डाव्या बाजूला अक्षरशः तसंच हवं: कंस, पोर्ट, सगळं. एकीकडे कंस आणि दुसरीकडे नाही, एकीकडे ५८७ आणि दुसरीकडे ४६५, असं झालं की पोस्टफिक्सला पासवर्ड सापडत नाही. मग ते लॉगिन न करताच मेल द्यायला जातं आणि सर्व्हर ५३० देतो. खात्री करण्याची एक ओळ आहे, ती रूट म्हणून चालवा:

पोस्टमॅप -क्यू '[एसएमटीपी.जीमेल.कॉम]:५८७' हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/सॅसल_पासडब्ल्यूडी

उत्तरात ‘पत्ता:पासवर्ड’ छापून आलं तर पोस्टफिक्स काय वापरतंय ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे. काहीच छापलं नाही तर जुळणी चुकली आहे. आणि जुनाच पासवर्ड छापला गेला तर फाइल बदलल्यावर ‘पोस्टमॅप’ चालवायचं राहिलं आहे, कारण पोस्टफिक्स मजकुराची फाइल वाचत नाही, शेजारची .डीबी फाइल वाचतं. लॉगमध्ये ‘डेटाबेस... इज ओल्डर दॅन सोर्स फाइल’ अशी सूचना आलेली असते. ही एक तपासणी बाकी सगळ्या तर्कांपेक्षा जास्त वेळ वाचवते. काही नव्या वितरणांमध्ये हॅश प्रकार काढून टाकलेला आहे. ‘पोस्टकॉन्फ -एम’ च्या यादीत तो नसेल तर तिथे असलेला, बहुधा ‘एलएमडीबी’, वापरा. मजकूर फाइल आणि डेटाबेस फाइल दोन्हींवर ६०० परवानगी हवी.

पासवर्ड बरोबर ‘दिसतो’ आणि तरी ५३५ येतो, तेव्हा फाइलवर ‘कॅट -ए’ चालवा. हा ए कॅपिटल. गूगलचा १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड पानावर चार-चार अक्षरांच्या गटांत दिसतो. तो कॉपी केला की मधली जागा साध्या स्पेसऐवजी न तुटणारी स्पेस म्हणून येऊ शकते. स्क्रीनवर दोन्ही सारख्याच. ‘कॅट -ए’ मध्ये मात्र तिथे ‘एम-बीएम-’ अशी अक्षरं उमटतात. सगळ्या जागा काढून सलग १६ अक्षरं ठेवा. अ‍ॅप पासवर्ड काढायला खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू असावं लागतं. ‘लेस सिक्युअर अ‍ॅप्स’चा जुना मार्ग वैयक्तिक जीमेल खात्यांसाठी ३० मे २०२२ ला बंद झाला. आउटलुक.कॉमच्या वैयक्तिक खात्यांवर तर सप्टेंबर २०२४ पासून साध्या पासवर्डचं लॉगिनच बंद आहे, तिथे ओऑथ२ (पासवर्डऐवजी टोकनने लॉगिन) हवं. त्या खात्यावर पासवर्ड बदलत बसण्यात काहीच हशील नाही.

दोष कधी येतो, यावरून कारण

खात्याचा मुख्य पासवर्ड बदलल्यावर दोष आला असेल तर उत्तर सोपं आहे. गूगल मुख्य पासवर्ड बदलला की सगळे अ‍ॅप पासवर्ड रद्द करतं. घरातल्या कुणी मोबाइलवरून पासवर्ड बदलला आणि डेस्कटॉपवरचा मेल थांबला, तर या दोन घटनांचा संबंध पटकन लक्षात येत नाही.

बरोबर सात दिवसांनी येत असेल तर ओऑथ२ वापरताय का ते पाहा. गूगल क्लाउडमध्ये स्वतःचं क्लायंट आयडी बनवलं आणि अ‍ॅप ‘टेस्टिंग’ अवस्थेत ठेवलं की त्याचं रिफ्रेश टोकन सात दिवसांत संपतं. कन्सेंट स्क्रीनवर अ‍ॅप ‘प्रॉडक्शन’ करून टोकन नव्याने घ्या.

दिवसा चालतं, रात्री नाही: इथे एमएसएमटीपीची ‘पासवर्डइव्हॅल’ ओळ (कमांड चालवून पासवर्ड मिळवणारी) पाहा. ती जीपीजी या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रॅमने पासवर्ड उलगडत असेल, तर जीपीजी-एजंट पासफ्रेज शेवटच्या वापरानंतर ६०० सेकंद आणि जास्तीत जास्त ७,२०० सेकंद, म्हणजे दोन तास, लक्षात ठेवतो. संध्याकाळी तुम्ही चाचणी घेतली, पासफ्रेज दिला, मेल गेला. रात्री तीनच्या क्रॉनला पासफ्रेज विचारायला कुणी नाही. की-रिंगमधून पासवर्ड वाचणारं ‘सीक्रेट-टूल’ वापरत असाल तरी अडचण तीच: क्रॉनला डेस्कटॉप सेशनची डी-बस (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलण्याची वाट) माहीत नसते, आणि तुम्ही लॉगिन केलं नसेल तर की-रिंग बंदच असते. शिवाय क्रॉन रूटचा असेल तर तुमच्या होम फोल्डरमधली .एमएसएमटीपीआरसी तो वाचतच नाही; त्याला /ईटीसी/एमएसएमटीपीआरसी किंवा रूटची स्वतःची फाइल लागते. उबुंटूवर अ‍ॅपआर्मर ही सुरक्षा यंत्रणाही ‘पासवर्डइव्हॅल’ला अडवू शकतं, जर्नलमध्ये एमएसएमटीपीच्या नावासमोर ‘डिनाइड’ शोधा.

माणूस समोर नसताना चालणाऱ्या कामासाठी आमचं मत स्पष्ट आहे: अ‍ॅप पासवर्ड ६०० परवानगीच्या साध्या फाइलमध्ये ठेवा, आणि त्या कामासाठी वेगळं मेल खातं काढा. अ‍ॅप पासवर्डने त्या खात्यातले सगळे मेल वाचताही येतात, म्हणून तो तुमच्या मुख्य खात्याचा नसावा. डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर अधिक चांगलं.

लाइट जाऊन आल्यावर दोष येत असेल, आणि पावसाळ्यात ठाण्यात काय किंवा घणसोली-ऐरोलीत काय, ही वेळ येतेच, तर तीन वेगवेगळी कारणं संभवतात. पहिलं, घड्याळ. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असेल तर कॉम्प्युटर जुन्या तारखेने सुरू होतो, सर्व्हरचं सर्टिफिकेट ‘अजून लागू झालेलं नाही’ असं ठरतं आणि एमएसएमटीपी लॉगिनच्या आधीच थांबतं. ‘टाइमडेटसीटीएल’ने घड्याळ सिंक आहे का ते पाहा, सेल बदला. वर दिलेल्या ‘एन्क्रिप्ट’ पातळीवर पोस्टफिक्स सर्टिफिकेट पडताळत नाही, म्हणून हे लक्षण तिथे दिसणार नाही.

दुसरं कारण की-रिंगचं. बायोसमध्ये ‘लाइट आली की सुरू हो’ आणि डेस्कटॉपवर ऑटो-लॉगिन अशी जोडी अनेकांनी लावलेली असते. ऑटो-लॉगिनमध्ये पासवर्ड टाइपच होत नाही, त्यामुळे नोम या डेस्कटॉपची की-रिंग उघडत नाही. डेस्कटॉप समोर सुरू दिसतो, पण मेलला पासवर्ड मिळत नाही.

तिसरं सगळ्यात फसवं. कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात उभा राहतो, केबलवाल्याचा फायबरचा डबा आणि राउटर यांना मात्र काही मिनिटं लागतात. डेबियनमध्ये पोस्टफिक्सचे भाग /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स या बंदिस्त फोल्डरमध्ये चालत असतील, तर डीएनएसची (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधण्याची सेवा) रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइल सर्व्हिस सुरू होताना तिथे कॉपी होते. त्या क्षणी ती रिकामी किंवा जुनी असेल तर पुढे इंटरनेट आलं तरी पोस्टफिक्सला ‘नेम सर्व्हिस एरर’ येत राहतं, तर ब्राउझर व्यवस्थित चालतो. रीस्टार्ट केलं की नवी फाइल कॉपी होते आणि दोष गायब! लॅपटॉप घरच्या वायफायवरून मोबाइल हॉटस्पॉटवर गेल्यावरही हेच घडतं. खात्रीसाठी ‘डिफ’ने /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ आणि /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ ताडून पाहा. सिस्टमडी-रिझॉल्व्हड वापरत असाल तर दोन्हींत १२७.०.०.५३ असतं आणि हा त्रास सहसा होत नाही. नसाल तर पोस्टफिक्सच्या सर्व्हिसला ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ची वाट पाहायला लावा: ‘सिस्टमसीटीएल एडिट’ने ‘वॉन्ट्स’ आणि ‘आफ्टर’ या दोन्ही ओळी घाला.

फक्त एक तारखेलाच दोष येतो? मग हिशेब करा. वैयक्तिक जीमेल खात्याला दिवसाला ५०० मेलची मर्यादा आहे. २४० फ्लॅटच्या सोसायटीत बिल, थकबाकीची आठवण आणि सभेची सूचना एकाच दिवशी पाठवली की ७२० होतात. त्याचं उत्तर ‘५५० ५.४.५’ येतं आणि लॉगिनशी त्याचा काही संबंध नाही. तीन गोष्टी तीन दिवसांत विभागा.

रांग आधी थांबवा

लॉगिन नाकारलं गेलं तरी पोस्टफिक्स मेल लगेच परत पाठवत नाही. ‘एसएमटीपी_सॅसल_ऑथ_सॉफ्ट_बाउन्स’ मुळात सुरू असतं, म्हणून मेल रांगेत राहतो: आधी ३०० सेकंदांनी, मग वाढत ४,००० सेकंदांपर्यंतच्या अंतराने, असे पाच दिवस प्रयत्न चालू राहतात. रांगेत दीडशे बिलं असतील आणि पासवर्ड रद्द झालेला असेल, तर चुकीच्या पासवर्डचे शेकडो प्रयत्न सर्व्हरकडे जातात. मग ४५४ येतं, कधी ‘ब्राउझरमधून लॉगिन करा’ असं सांगणारं ५३४ ५.७.१४. या अवस्थेत बरोबर पासवर्ड टाकला तरी तो काही काळ नाकारला जाऊ शकतो, आणि तो चुकीचा समजून माणूस आणखी एक काढतो.

म्हणून दुरुस्तीच्या आधी ‘पोस्टसुपर -एच ऑल’ ने सगळी रांग रोखून ठेवा. इथे एच लहान लिपीत आणि ऑल कॅपिटलमध्ये. ‘मेलक्यू’ मध्ये रोखलेल्या मेलसमोर उद्गारचिन्ह दिसेल. स्वॅक्सने एक मेल पाठवून पाहा. तो गेला की सेटिंग दुरुस्त करा, ‘पोस्टमॅप’, ‘पोस्टफिक्स रीलोड’, एक नवा मेल पोस्टफिक्समधून पाठवा. तोही पोचला तरच ‘पोस्टसुपर -एच ऑल’, या वेळी एच कॅपिटल, म्हणजे रांग सुटेल. जुनी बिलं आता पाठवायची नसतील तर सोडण्याआधीच काढा, नाहीतर सभासदांना तेच बिल दोनदा जाईल.

लॉगिन झालं, तरी नाकारलं

क्रॉनचे मेल ‘रूट अ‍ॅट कॉम्प्युटरचं नाव’ अशा पत्त्यावरून निघतात. जीमेल सहसा ‘फ्रॉम’ स्वतः बदलून घेतं. इतर अनेक सर्व्हर ५५३ देतात, कारण तो पत्ता लॉगिन केलेल्या खात्याचा नसतो. एमएसएमटीपीत ‘फ्रॉम’ ओळ घाला, पोस्टफिक्समध्ये ‘एसएमटीपी_जेनेरिक_मॅप्स’. स्वतःचं डोमेन असेल तर त्याच्या एसपीएफ रेकॉर्डमध्ये (त्या डोमेनच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं याची यादी) मेल पाठवणाऱ्या सेवेचा ‘इन्क्लूड’ हवा, एका डोमेनला एसपीएफचा एकच रेकॉर्ड हवा, आणि डीएनएस शोध दहाच्या आत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलकडे पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) यांपैकी एक तरी लागतं. नसेल तर ‘५५० ५.७.२६’ येऊ शकतं.

एवढं करूनही अडलं आणि लॉग कुणाला दाखवायची वेळ आली, तर ‘ऑथ प्लेन’ किंवा ‘ऑथ लॉगिन’ नंतरच्या ओळी आधी काढून टाका. बेस६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे. त्या अक्षरांतून पासवर्ड एका कमांडमध्ये परत मिळतो. ओळ चुकून गेलीच असेल तर तो अ‍ॅप पासवर्ड खात्यातून लगेच रद्द करा.